नवा, न्यू, नॉय आणि फ्रेंचमधला नऊ: शब्द एक की दोन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सध्या फ्रेंच शिकतायत. फ्रेंचमध्ये 'नफ' म्हणजे नवीन आणि 'नफ' म्हणजेच नऊ. जर्मनमध्ये नवीन म्हणजे 'नॉय', नऊ म्हणजे 'नॉयन'. आपल्या संस्कृतात 'नव'चे दोन्ही अर्थ, आणि मराठीत तर म्हणच आहे, नव्याचे नऊ दिवस. मग नवा आणि नऊ हा मुळात एकच शब्द आहे का, आणि तो संस्कृतातून युरोपात गेला का?

मी पुण्यात वीस-बावीस वर्षं फ्रेंच शिकवते आणि सोबत टेक्निकल भाषांतरं करते, त्यामुळे हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच आणि खरं सांगायचं तर ज्या दिवशी तो येतो त्या दिवशी मला बरं वाटतं, कारण पोरं नुसते शब्द पाठ करत नाहीयेत, शब्दांकडे बघतायत हे कळतं.

पण यात प्रश्न एक नाही, तीन आहेत आणि ते वेगळे केले नाहीत तर उत्तर हमखास चुकतं. पहिला, युरोपातले हे सगळे 'नवे' आणि आपला नवा एकमेकांचे कोण? दुसरा, कोणी कोणाकडून घेतला? तिसरा, नवा आणि नऊ यांचं नातं काय? पहिल्या दोनांची उत्तरं पक्की आहेत. तिसऱ्याचं तसं नाही, तिथे तुम्ही किती मागे जाऊन बघता आणि कोणती भाषा समोर ठेवता यावर बरंच अवलंबून आहे.

आधी नातं बघू. लॅटिन नोवुस, ग्रीक नेओस, रशियन नोव्ही, इटालियन नुओव्हो, स्पॅनिश न्वेवो, वेल्श नेविद, लिथुआनियन नाउयस, स्वीडिश न्यू, डच नीउ, फारसी नौ, आणि आपलं नव. तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरच्या हित्ती भाषेत हाच शब्द 'नेवा' असा आहे. हे सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज. अभ्यासकांनी तो मूळ शब्द 'नेवोस' असा मांडलाय. तो लिहिलेला कुठे सापडत नाही, पण लेकरांवरून आईचा चेहरा काढावा तसा तो काढता येतो.

संस्कृतात 'नव' आहे तसं 'नव्य'ही आहे, बरोबर? ही जोडी मुळातही होती, 'नेवोस' आणि 'नेव्योस'. लॅटिन, ग्रीक, रशियन यांनी पहिलं रूप धरलं आणि इंग्लिश-जर्मन, वेल्श, लिथुआनियन यांनी दुसरं. म्हणजे इंग्लिशमधला न्यू हा आपल्या 'नव'पेक्षा 'नव्य'ला जवळचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस तेच डोक्यात होतं.

आता अर्थ. या शब्दाच्या पोटात काय आहे? तर 'आत्ता'. या सगळ्या भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेत 'नु' असा छोटासा शब्द होता, म्हणजे आता. त्यातूनच इंग्लिश नाऊ, जर्मन नून, लॅटिन नुंक, ग्रीक न्यून, आणि संस्कृत नु, नूनम्. नवा म्हणजे 'आत्ताचा'. आपल्याकडे हे नातं उघड दिसतं कारण 'नूतन' हा शब्द आपण रोज वापरतो, तो सरळ त्या 'नु'वरूनच झालाय. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातली दुसरी ऋचा बघा, 'अग्निः पूर्वेभिर्ऋषिभिरीड्यो नूतनैरुत', म्हणजे आधीच्या ऋषींनी आणि आत्ताच्यांनीही ज्याची स्तुती करावी तो अग्नी. इथे नूतन म्हणजे कोरा करकरीत असा अर्थ नाहीच, तर सध्याचे, हल्लीचे. बंगालीत तर नवीनसाठीचा रोजचा शब्दच 'नोतून' आहे, तोही या नूतनचाच.

आणि हा शब्द किती जुना असावा? ग्रीसमध्ये ज्या मायसिनी, म्हणजे फार जुन्या ग्रीक काळातल्या, राजवाड्यांच्या मातीच्या पाट्या सापडल्या, ज्यांची लिपी मायकल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये उलगडली, त्यात कोठारातल्या मालाच्या याद्या आहेत आणि काही मालापुढे शेरा आहे 'ने-वो', म्हणजे नवा, तर काहींपुढे 'पा-रा-यो', म्हणजे जुना. तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी कुठलातरी कारकून स्टॉक रजिस्टरमध्ये नवा-जुना लिहीत होता आणि त्याचा नवा आपल्या कानाला अजून ओळखीचा वाटतो! पुढे ग्रीकमधला मधला 'व' गळाला आणि नेओस झालं. निऑन वायूचं नाव त्यातूनच आलं, 1898 मध्ये सापडला म्हणून 'नवा'.

आता दुसरा प्रश्न, संस्कृतातून गेला का. नाही. मला माहितीये की हे बऱ्याच जणांना आवडत नाही. व्हॉट्सॲपवर तो मेसेज दरवर्षी फिरतो, सप्टेंबर म्हणजे सप्त, ऑक्टोबर म्हणजे अष्ट, नोव्हेंबर म्हणजे नव, डिसेंबर म्हणजे दश. साम्य अगदी खरं आहे. पण ते लॅटिन सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेकेम, रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं म्हणून ते सातवे-आठवे-नववे-दहावे महिने. लॅटिन आणि संस्कृत या बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. हे कशावरून? संस्कृतात मूळचे ऱ्हस्व ए आणि ओ दोन्ही मिसळून 'अ' झाले. ग्रीकमध्ये ते वेगवेगळे टिकले, लॅटिनमध्येही बरेचसे. संस्कृतातून तिकडे शब्द गेले असते तर कुठे ए करायचा आणि कुठे ओ हे त्यांना कळलं कसं असतं? दूध एकदा मिसळलं की गायीचं आणि म्हशीचं परत वेगळं काढता येत नाही, तसं आहे हे.

एक पुरावा तर संस्कृताच्याच घरात आहे. आपला 'च', रामश्च लक्ष्मणश्च मधला. लॅटिनमध्ये तो 'क्वे' आहे. संस्कृतात मूळच्या 'क'चा 'च' कधी होतो, तर पुढे ए किंवा इ सारखा स्वर असला की. आणि इथे पुढे दिसतो तो 'अ'. म्हणजे तिथे आधी ए होता, त्याने क चा च केला आणि मग स्वतः अ होऊन बसला. संस्कृतानेच ठेवलेली ही खूण आहे, आणि तिच्यामुळे संस्कृताचा मान कमी होतो असं मला कधीच वाटलेलं नाही. उलट या बहिणींची तुलना संस्कृत हाती आलं म्हणून नीट सुरू झाली.

आणि ही तुलना आपल्या अगदी शेजारी सुरू झाली हे फार कमी लोकांना माहिती असतं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्स यांचं 1786 मधलं कलकत्त्याचं भाषण सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी गोव्यात राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी, हो तेच ख्रिस्तपुराणवाले, 1583 मध्ये भावाला पत्र लिहिताना इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं होतं. आणि जवळजवळ त्याच काळात फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती, जो कोची आणि गोव्यात राहिला आणि 1588 मध्ये गोव्यातच वारला, त्याने घरच्या लोकांना लिहिलं की इथल्या विद्वानांच्या भाषेत आणि आपल्या भाषेत पुष्कळ शब्द सारखे आहेत, देव, साप, आणि सहा, सात, आठ, नऊ हे आकडे. म्हणजे आपला हा 'नऊ' आणि इटालियन 'नोव्हे' यांची गाठ सोळाव्या शतकातच एका व्यापाऱ्याच्या पत्रात पडली होती.

आता तिसरा प्रश्न, नवा आणि नऊ. यातच खरी मजा आहे आणि गोंधळही.

ऐकायला दोन्ही जवळ आहेत हे मान्य. लॅटिन नोवुस-नोवेम, इटालियन नुओव्हो-नोव्हे, स्पॅनिश न्वेवो-न्वेवे, जर्मन नॉय-नॉयन, फ्रेंच नफ-नफ, संस्कृत नव-नव. रोमानियनमध्ये तर नवीनचं स्त्रीलिंगी रूप आणि नऊ हे अक्षरशः एकच आहेत. पण हे असं का होतं ते बघा. दोन्ही मूळ शब्दांत 'नेव' हा तुकडा आहे. लॅटिनमध्ये 'एव'चं 'ओव' झालं तर ते दोन्ही शब्दांत झालं. संस्कृतात ए चा अ झाला तर तोही दोन्हींत झाला. ध्वनीचा नियम शब्दाचा अर्थ विचारत नाही, तो समोर येईल त्याला लागतो. एका वाड्यात राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांना एकाच वेळी एकाच रंगाचा डिस्टेंपर लागला म्हणून ती दोन्ही एका कुटुंबातली होत नाहीत.

शिवाय काही भाषांत ही जोडी फुटलेली दिसते. रशियनमध्ये नवीन 'नोव्ही' पण नऊ 'द्येव्यत्', कारण त्यांच्याकडे नऊच्या सुरुवातीचा न बदलून द झाला, बहुधा शेजारच्या दहाच्या, म्हणजे 'द्येस्यत्'च्या, प्रभावाने. मोजताना शेजारचे आकडे एकमेकांना ओढतात, हे लहान मुलं भरभर अंक म्हणतात तेव्हाही ऐकू येतं. लिथुआनियनमध्येही तेच, नाउयस पण देवीनि. डचमध्ये नऊ म्हणजे 'नेखेन', आणि जुन्या इंग्लिशमध्येही नऊ 'निगोन' होतं तर नवीन 'नीवे', म्हणजे दोन्ही चांगले वेगळे होते. ग्रीकमध्ये नऊ आहे 'एन्नेआ', सुरुवातीला जास्तीचा ए, आणि नवीन मात्र नुसतंच नेओस. आर्मेनियनमध्येही नऊच्या सुरुवातीला असाच स्वर आहे. यावरून बऱ्याच जणांचं मत असं की नऊच्या मूळ शब्दात न च्या आधी अजून एक ध्वनी होता आणि नव्याच्या शब्दात तो नव्हता.

तरीही दोन्ही एकच मानणारा एक पक्ष आहे आणि त्याचं म्हणणं टाकाऊ नाही. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं त्यांना रामः रामौ रामाः आठवत असेल. दोन असले की शेवटी 'औ'. आता आठला संस्कृतात काय म्हणतात? अष्टौ! आठचं रूप द्विवचनाचं दिसतं. म्हणजे 'दोन चौकड्या' असा काही अर्थ असेल का? पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत 'अष्टि' म्हणजे चार बोटांची रुंदी, असा एक आधारही सापडतो. अंगठा सोडून दोन हातांची चार-चार बोटं मोजली की आठ संपले, मग पुढचा आकडा तो 'नवा' आकडा, म्हणून नऊ. ऐकायला फार सुंदर आहे. मी स्वतः कित्येक वर्षं हे वर्गात सिद्ध झाल्यासारखं सांगत असे. मग ग्रीकमधल्या त्या जास्तीच्या ए ची अडचण कळली आणि तेव्हापासून मी ही एक कल्पना आहे असंच सांगते, कारण आठचं द्विवचन दिसणं आणि नऊचा अर्थ नवा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली खरी ठरली तरी दुसरी आपोआप खरी होत नाही. माझं आजचं मत विचाराल तर दोन वेगळे शब्द, जे खूप भाषांत एकमेकांच्या जवळ सरकत गेले.

मराठीपुरतं बघायचं तर आपण हा गुंता बऱ्यापैकी सोडवून टाकलाय. प्राकृतातून येताना आकड्याचा 'नऊ' झाला आणि विशेषणाचा 'नवा-नवी-नवं'. गोंधळ उरला तो संस्कृत जोडशब्दांत. नवरात्र, नवग्रह, नवरस यात नऊ, आणि नववर्ष, नवजात, नवसाक्षर यात नवं. आपण संदर्भाने ओळखतो, अडत काहीच नाही. फ्रेंच माणसाचंही तसंच होतं.

पण शिकणाऱ्याचं अडतं. पॅरिसचा 'पाँ नफ' हा पूल आहे ना, त्याचं भाषांतर दर दोन बॅचमागे कोणीतरी 'नऊ नंबरचा पूल' असं करतंच. त्याचा अर्थ नवा पूल. 1578 मध्ये काम सुरू झालं, 1607 मध्ये संपलं, आणि आज सेन नदीवरचा पॅरिसमधला तो सगळ्यात जुना उभा पूल आहे. नावात नवा अडकून राहिला.

कामात याचा त्रास कसा होतो ते सांगते. एका कारखान्याच्या खरेदीच्या कागदात मला 'नफ पाँप नव्ह' असं आलं होतं, म्हणजे नऊ नवे पंप. एका नवशिक्या सहकाऱ्याने कच्च्या भाषांतरात फक्त 'नवीन पंप' लिहिलं होतं, आकडा गायब. माल मोजून घ्यायच्या कागदात हे फार महागात पडलं असतं. ओळखायचं कसं? आकडा नामाच्या आधी येतो आणि लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही. नवीनवाला नामाच्या नंतर येतो आणि स्त्रीलिंगात त्याचा नफचा 'नव्ह' होतो. एवढं डोक्यात ठेवलं की चूक होत नाही.

आणि फ्रेंचमध्ये नवीनसाठी दोन शब्द का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या महिन्यात विचारणार, म्हणून आत्ताच. 'नूव्हो' म्हणजे आधीच्या जागी आलेला, माझ्यासाठी नवा. 'नफ' म्हणजे न वापरलेला. मी सेकंडहँड गाडी घेतली तर ती माझी 'नूव्हेल' गाडी आहे पण 'नव्ह' नाही. इंग्लिशमधून शिकवलं तर हे समजावताना दमायला होतं, मराठीत एका शब्दात होतं: नफ म्हणजे कोरा. नवी गाडी आणि नवी कोरी गाडी, बस. आपल्याकडे फरक आधीपासून आहे, तो वापरा.

अर्थ भाषेगणिक कसा सरकतो तेही बघण्यासारखं आहे. ग्रीकमध्ये नेओस तरुण माणसालाही लागतो, आजच्या ग्रीकमध्ये नवीन गाडीला बहुधा वेगळाच शब्द वापरतात. लॅटिनमध्ये 'नव्या गोष्टी' म्हणजे बंडाळी, आणि 'नवा माणूस' म्हणजे ज्याच्या घराण्यात आधी कोणी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झालं नाही असा, प्रसिद्ध वक्ता सिसेरो इसवी सन पूर्व 63 मध्ये कॉन्सल झाला तोही तसाच. जुन्या घराण्यांच्या तोंडी ते कौतुक नसायचं. पण मला सगळ्यात आवडतो तो लग्नाचा अर्थ. स्पॅनिशमध्ये 'नोव्यो' म्हणजे नवरदेव आणि 'नोव्या' म्हणजे नवरी, पोर्तुगीजमध्ये 'नोयवु' आणि 'नोयवा', हे सगळे नोवुसपासूनच. आणि आपला नवरा? तोही 'नववर', म्हणजे नवा वर, यातून आलेला मानतात. कोणी कोणाकडून घेतला नाही, पण लग्नाच्या दिवशीच्या माणसाला 'नवा' म्हणावं हे दोन टोकांच्या लोकांना आपापलं सुचलं. गोव्यात पोर्तुगीज नोयवु आणि कोंकणी न्हवरो चारशे वर्षं शेजारी नांदले, लांबचे चुलतभाऊ असल्याचं कुणाच्या गावीही नसताना.

युरोपात सगळीकडे हाच शब्द आहे असं मात्र नाही. फिनिशमध्ये 'ऊसि', हंगेरियनमध्ये 'ऊय', त्या भाषांचं कुटुंबच वेगळं. बास्क भाषा तर कुणाशीच नातं न लागणारी, तिच्यात नवा म्हणजे 'बेरी' आणि घर म्हणजे 'एचे', नवं घर ते 'एचेबेरी'. ते घासून घासून झालं शाविएर, म्हणजे झेवियर. आजच्या स्पेनमधल्या नवार प्रांतातल्या त्या गावाचे संत फ्रान्सिस 1542 मध्ये गोव्यात आले आणि गोंयचो सायब झाले, म्हणजे जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्यांचे अवशेष आहेत त्यांच्या नावातसुद्धा एक 'नवा' बसलेला आहे, फक्त आपल्या नव्याशी नातं नसलेला. आणि 1843 मध्ये पणजी राजधानी झाली तेव्हा पोर्तुगीजांनी तिला नाव दिलं नोव्हा गोवा, त्यातला नोव्हा मात्र आपल्याच कुटुंबातला. म्हणून मी पोरांना सांगते, कानाला सारखं वाटलं की लगेच नातं जोडू नका. नवाब शब्दाचा नव्याशी काही संबंध नाही, तो अरबी. इंग्लिश न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ हेही खोटं, ते न्यूचंच अनेकवचन, 'नव्या गोष्टी'. एक शब्द जुळला तर योगायोग असू शकतो, पण तोच बदल दहा-वीस शब्दांत रांगेने दिसला तर मग नातं मानायचं.

राहिली तुमची म्हण. ती नवा आणि नऊ एक असल्याचा पुरावा नाही. नऊ दिवसांचं कौतुक इंग्लिशमध्येही आहे, नाइन डेज वंडर म्हणतात, आणि चौदाव्या शतकात इंग्लिश कवी चॉसरनेही लिहिलंय की गावात नवल नऊ रात्रींपेक्षा जास्त टिकत नाही. पण तिथे शब्दांचा खेळ नाही, आपल्याकडे आहे, आणि म्हण तोंडात बसली ती त्या नादामुळे असं मला वाटतं. म्हणूनच तिचं भाषांतर करणं अवघड, रशियनमध्ये तर नोव्ही आणि द्येव्यत् मुळीच जुळत नाहीत. फ्रेंचमध्ये अशी म्हण नाही, पण मागच्या वर्षी मी वर्गात ती फळ्यावर लिहिली आणि म्हटलं करून बघा. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, 'ल नफ द्यूर नफ झूर', नवं टिकतं नऊ दिवस. यमकासकट. मी ती ओळ त्या दिवशी पुसलीच नाही.